केमोच्या उलट्या, 'विजया अर्क' आणि एकाच बाटलीवरचे दोन दावे

माजघर (धागाकर्ती):

माझ्या आत्याचे वय ६३ आहे. चाळीस वर्षे मिश्री लावल्यानंतर तिच्या गालाच्या आतल्या बाजूस कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया पार पडली असून सध्या रेडिएशनबरोबर दर तीन आठवड्यांनी सिस्प्लाटिनचे सलाइन दिले जाते. पहिल्या सलाइनचा दिवस बरा गेला, परंतु तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि आठवडाभर तिच्या पोटात काही ठरेना. त्याच सुमारास माझ्या मावसभावाने तीस मिलिलिटरची एक बाटली आणून टेबलावर ठेवली. लेबलवर 'विजया अर्क' असे लिहिलेले होते. विजया म्हणजे भांग, गांजाचेच झाड. "याने उलट्या थांबतात आणि गाठही विरते," असे त्याने सांगितले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. मात्र एका वाक्यात दोन दावे आले की ते वेगळे करून पाहण्याची सवय मला आहे. महिनाभर जे वाचले ते येथे मांडते. चुकले असल्यास जाणकारांनी दुरुस्त करावे.

पहिला दावा उलट्यांचा आहे आणि तो निराधार नाही. गांजातील नशा आणणारे मुख्य संयुग, म्हणजे टीएचसी, इस्राएलमधील रेहोवोत येथे राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यानंतर अकराच वर्षांनी, १९७५ मध्ये, बोस्टनच्या डॉक्टरांनी केमो घेणाऱ्या रुग्णांना टीएचसी तोंडावाटे देऊन पाहिले आणि नकली औषधाच्या (म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या, आत औषध नसलेल्या गोळीच्या) तुलनेत उलट्या कमी झाल्याचे नोंदवले. १९८५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ड्रोनाबिनॉल (हे कृत्रिमरीत्या बनवलेले टीएचसीच) आणि त्याच्याशी साम्य असलेले नॅबिलोन, ही दोन्ही औषधे केमोच्या उलट्यांसाठी मंजूर केली. हे का घडते त्याचा उलगडा नंतर झाला. मेंदूच्या देठात जेथे ओकारीची क्रिया जुळवली जाते, तेथे टीएचसी ज्यांना चिकटते ते सीबी-१ नावाचे रिसेप्टर असतात. शरीर स्वतःही अशाच जातीचे रेणू तयार करते. त्यांतला पहिला १९९२ मध्ये सापडला तेव्हा मेशुलाम यांच्या गटाने त्याला 'आनंदामाइड' हे नाव दिले, आणि ते आपल्या 'आनंद' या शब्दावरूनच.

परंतु हा सारा पुरावा वाचताना तारखांकडे पाहावे लागते. गांजातील संयुगे 'प्रचलित औषधांपेक्षा सरस' ठरली असे जे सांगितले जाते, त्यातली प्रचलित औषधे म्हणजे सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतली, आज आपण ज्यांना कामचलाऊ म्हणू अशी. १९९१ मध्ये ऑन्डान्सेट्रॉन आले, २००३ मध्ये ॲप्रेपिटंट आले, पुढे ओलान्झापिनचा वापर रूढ झाला, आणि केमोच्या उलट्यांचे चित्रच पालटले. तेव्हा आजचा प्रश्न असा असायला हवा की ही सर्व औषधे व्यवस्थित देऊनही ज्यांना उलट्या होतात, त्यांना टीएचसीची भर घातल्याने काही मिळते का. ऑस्ट्रेलियात नेमका हाच प्रश्न घेऊन चाचणी झाली आणि तिचे अंतिम निष्कर्ष २०२४ मध्ये आले. टीएचसी आणि सीबीडी (गांजातलेच, पण नशा न आणणारे दुसरे संयुग) प्रत्येकी अडीच मिलिग्रॅम असलेल्या कॅप्सूल दिल्या, तेव्हा उलट्यांवर पूर्ण ताबा मिळालेल्यांचे प्रमाण २४ टक्के निघाले. नकली कॅप्सूल घेणाऱ्यांत ते ८ टक्के होते. फरक खरा आहे. तरीही चारांपैकी तिघांना पूर्ण आराम मिळाला नाही, आणि गुंगी व चक्कर अधिक जणांना आली.

दुसरा दावा गाठ विरण्याचा आहे. १९७५ मध्येच उंदरांच्या फुफ्फुसातील गाठींची वाढ टीएचसीने मंदावल्याचे प्रसिद्ध झाले होते, आणि पेशींवरच्या प्रयोगांत तसे परिणाम पुढेही पुष्कळदा दिसले. माणसांवरचा पुरावा मात्र अत्यंत तुटपुंजा आहे. २००६ मध्ये स्पेनमधील गटाने ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग पुन्हा उद्भवलेल्या ९ रुग्णांच्या मेंदूतील गाठीतच टीएचसी सोडून पाहिले. ते सुरक्षितपणे देता येते इतके कळले, आयुष्य वाढल्याचे दाखवता आले नाही. ब्रिटनमध्ये याच आजाराच्या २१ रुग्णांवर टीएचसी व सीबीडी असलेला तोंडात मारायचा फवारा आणि टेमोझोलोमाइड हे केमोचे औषध यांची एकत्र चाचणी झाली. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण फवारा घेणाऱ्यांत ८३ टक्के आणि न घेणाऱ्यांत ४४ टक्के होते. हे आकडे समाजमाध्यमांवर फार फिरतात. पण ती चाचणी सुरक्षितता तपासण्यासाठी आखलेली होती, आणि २१ माणसांत दोघा-तिघांच्या नशिबाने टक्केवारी कोठल्या कोठे जाते. म्हणूनच २०२३ मध्ये दोनशेहून अधिक रुग्णांची मोठी चाचणी तेथे सुरू करण्यात आली.

अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे ॲस्कोने, मार्च २०२४ मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या उलट्यांसाठी ही संयुगे जोडीला देता येतील. कर्करोगावरचा उपचार म्हणून मात्र चाचणीच्या बाहेर ती देऊ नयेत. आमच्या बाटलीवरचे अर्धे वाक्य येथे गळून पडते. उरलेल्या अर्ध्याचे काय करावे, हे मला या धाग्यावर विचारायचे आहे.

पाणवठा:

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु मी डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. आमच्या शेजारच्या गृहस्थांना आतड्याचा कर्करोग होता आणि तो यकृतात पसरला होता. त्यांनी असे तेल चार महिने घेतले आणि पुढच्या स्कॅनमध्ये गाठी निम्म्या झाल्या. झाडावर पेटंट घेता येत नाही, त्यामुळे औषध कंपन्या यात पैसा घालत नाहीत आणि मोठ्या चाचण्या होतच नाहीत. आपण ज्या पुराव्याची वाट पाहत आहात तो येणारच नाही.

माजघर:

पाणवठा, आपल्या शेजाऱ्यांच्या गाठी निम्म्या झाल्या याचा आनंद आहे. त्या चार महिन्यांत त्यांची केमो चालू होती का, एवढे विचारते. आतड्याच्या कर्करोगात केमोनेही गाठी निम्म्या होतात, आणि त्या तशा व्हाव्यात म्हणूनच ती देतात.

कंपन्यांविषयीचे आपले म्हणणे मात्र वस्तुस्थितीशी जुळत नाही. मी वर ज्या फवाऱ्याचा उल्लेख केला तो गांजाच्या झाडापासूनच एका ब्रिटिश कंपनीने बनवला. त्याच कंपनीचे सीबीडीचे औषध जून २०१८ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या दुर्धर अपस्मारासाठी मंजूर झाले, आणि २०२१ मध्ये ती कंपनी सुमारे ७२० कोटी डॉलरना विकली गेली. झाडावर पेटंट मिळत नसेल. अर्क, मात्रा आणि वापर यांवर मिळते. शिवाय हा फवारा मॉर्फिनला दाद न देणाऱ्या कर्करोगाच्या वेदनांसाठी मोठ्या चाचण्यांत उतरवला गेला होता, आणि तेथे तो मुख्य कसोटीवर उतरला नाही. पैसा घातला गेला, उत्तरही मिळाले. ते अनेकांना आवडले नाही, एवढेच.

खलबत्ता:

मी आयुर्वेदाचा चिकित्सक आहे, म्हणून 'विजया' या नावापुरते लिहितो. शार्ङ्गधरसंहितेत व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून भांग आणि अफू यांची नावे येतात. व्यवायी म्हणजे पचनाआधीच सर्व शरीर व्यापणारे आणि नंतर पचणारे द्रव्य. भांग घातलेले जातीफलादि चूर्ण आम्ही ग्रहणीसाठी (जुनाट जुलाबाच्या विकारासाठी) वापरतो, तेही भांगेचे शोधन करून आणि अल्प मात्रेत. बाटलीतला अर्क ही वेगळी वस्तू आहे. द्रावकाने झाडातील संयुगे ओढून घेऊन ती तेलात विरघळवण्याची कृती आधुनिक आहे. तिच्यातील टीएचसीचे प्रमाण चूर्णाच्या कितीतरी पट असू शकते, आणि ग्रंथातील मात्रा तिला लागू पडत नाही. चूर्णाची पुण्याई अर्काच्या लेबलवर चढवू नये, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ या अनुसूचीत आयुर्वेदातील विषारी द्रव्ये दिली आहेत आणि विजया तिच्यात आहे. अशी औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात. दूरध्वनीवर पाच मिनिटे बोलून पाठवलेल्या चिठ्ठीला देखरेख म्हणावे का, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

तालुकाकोर्ट:

कायद्याचा भाग थोडक्यात. अमली पदार्थविषयक १९८५ च्या केंद्रीय कायद्यात चरस म्हणजे झाडाची राळ आणि गांजा म्हणजे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने व बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. त्यामुळेच पानांपासून केलेली भांग या व्याख्येबाहेर राहते आणि तिचे नियमन राज्यांकडे येते. महाराष्ट्रात ते दारूबंदी कायदा, १९४९ खाली होते, म्हणून इतर काही राज्यांत दिसणारी भांगेची दुकाने येथे सर्रास आढळत नाहीत. परवानाधारक 'विजया' उत्पादने पानांचा अर्क म्हणून याच फटीतून बाजारात येतात. बाटलीवर उत्पादन परवान्याचा क्रमांक आहे का, ते आधी पाहावे. तो नसेल तर प्रश्न औषधाचा राहत नाही, फौजदारी होतो.

बियांच्या तेलाविषयीही घोटाळा होतो. भांगेच्या बिया आणि त्यांचे तेल यांना आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली आहे. ते तेल खाण्यास ठीक आहे, परंतु त्यात टीएचसी आणि सीबीडी जवळजवळ नसतात. त्याच्या जाहिरातीत कर्करोग हा शब्द दिसला तर पैसे वाचवावेत.

हिमवाट:

मी टोरांटोजवळ राहते. माझ्या यजमानांना तीन वर्षांपूर्वी लिम्फोमासाठी केमो दिली गेली, तेव्हा दुसऱ्या फेरीनंतर त्यांना नॅबिलोन लिहून दिले होते. येथे ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, त्यामुळे पहिल्याच भेटीत परिचारिकेने "घरी गांजा घेता का," असे रक्तदाब विचारावा तितक्या सहजपणे विचारले. आम्हा दोघांना घाम फुटला होता! नॅबिलोनने मळमळ उतरली हे खरे. परंतु ते दुपारभर झोपत आणि एकदा बाथरूमला जाताना भिंतीला धरूनही पडले. पासष्टीच्या माणसाला पडणे किती महागात जाते, ते सांगायला नको. चौथ्या फेरीला डॉक्टरांनी ओलान्झापिन सुरू केले आणि नॅबिलोन बंद केले.

एक कळकळीची विनंती. येथून भारतात येणाऱ्या नातेवाइकांकडून असे तेल किंवा गोळ्या मागवू नका. येथे दुकानात मिळणारी वस्तू मुंबईच्या विमानतळावर गुन्हा ठरते, आणि आणणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

रातपाळी:

मी पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपशामक उपचारांच्या, विभागात परिचारिका आहे. धागाकर्तींच्या लेखातील एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले: पहिला दिवस बरा गेला आणि तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. सिस्प्लाटिनचे हे ठरलेले वागणे आहे. उलट्यांचा दुसरा भर दोन-तीन दिवसांनी येतो, आणि त्यासाठीच दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या दिवसाच्या गोळ्या घरी दिलेल्या असतात. आम्ही घरी फोन करतो तेव्हा निम्म्या वेळा असे ऐकायला मिळते की "काल उलटी झाली नाही, म्हणून गोळी दिली नाही." ती गोळी झालेल्या उलटीसाठी नसून होऊ घातलेल्या उलटीसाठी असते. आत्याबाईंच्या बाबतीत त्या दिवसांच्या गोळ्या खरोखर पोटात गेल्या का, हे कृपया आधी पाहावे. गालाच्या शस्त्रक्रियेनंतर गिळणे अवघड असते. नाकातून नळी असेल तर कोणती गोळी कुटून देता येते हेही विचारावे लागते.

डॉक्टरांना विचारायचा दुसरा प्रश्न असा: ओलान्झापिन दिले आहे का? ते मुळात मानसिक आजाराचे औषध असल्यामुळे चिठ्ठीवर पाहून घरचे घाबरतात. त्याने येणाऱ्या झोपेमुळे काही डॉक्टरही ते टाळत असत. यावर आपल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने मोठी चाचणी केली, जी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी केवळ अडीच मिलिग्रॅम दिल्यास उलट्यांवरील परिणाम कमी पडत नाही आणि दिवसाची गुंगी बरीच घटते, असा तिचा निष्कर्ष आहे. ही स्वस्त गोळी आहे. ती न देता थेट हजारो रुपयांच्या बाटलीकडे जाणे मला समजत नाही.

वेदनांबद्दलही तेच म्हणेन. गांजाने कर्करोगाचे दुखणे थांबते असे लोक सांगत येतात. झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यानुसार, मॉर्फिनसारख्या औषधांना दाद न देणाऱ्या वेदना गांजाच्या औषधांनी कमी होत नाहीत. आमच्याकडे मात्र बहुतेकांना मॉर्फिन पोटभर मिळालेलेच नसते! ज्या देशात अफूची कायदेशीर शेती होते त्याच देशात मॉर्फिनच्या गोळीसाठी रुग्णाला जिल्ह्याबाहेर पाठवावे लागे. अमली पदार्थांच्या कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह सहा औषधांच्या परवान्यांची किचकट पद्धत सुटसुटीत केली, तरी सवय लागेल या भीतीने घरचेच गोळ्या लपवून ठेवतात. तीच माणसे गांजाचे तेल मात्र निर्धास्तपणे चमच्याने देतात. 'नैसर्गिक' या शब्दाचा हा प्रताप आहे.

वडाचीसावली:

मी प्रथमच लिहीत आहे. माझ्या वडिलांना घशाच्या कर्करोगासाठी कमी मात्रेतील निवोलुमॅब चालू आहे. रात्री झोप लागत नाही म्हणून त्यांना सीबीडीचे तेल द्यावे असे एका परिचितांनी सुचवले. सीबीडीने नशा होत नाही, मग अपाय तरी काय, असा प्रश्न आहे.

माजघर:

वडाचीसावली, आपल्या प्रश्नामुळे मी मूळ लेखात वगळलेला भाग लिहायला हवा. निवोलुमॅब हे औषध रोगप्रतिकारक पेशींवरचा लगाम काढते. ते फार महाग असल्यामुळे टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी डोके व मानेच्या कर्करोगात अगदी कमी, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या मात्रेचा अभ्यास केला आणि त्याचाही फायदा दाखवून दिला. आपल्या वडिलांना बहुधा त्याच आधाराने ते मिळत असावे. गांजातील संयुगे रोगप्रतिकारक पेशींवरील सीबी-२ या रिसेप्टरवरही काम करतात. इस्राएलमध्ये १०२ रुग्णांचे निरीक्षण केले गेले, तेव्हा इम्युनोथेरपीबरोबर (म्हणजे निवोलुमॅबसारख्या औषधांबरोबर) गांजा घेणाऱ्यांत आजार सरासरी ३.४ महिन्यांत पुढे सरकला, तर न घेणाऱ्यांत १३.१ महिन्यांत. गांजा घेणारे मुळातच अधिक आजारी असू शकतात, शिवाय तेथील रुग्ण केवळ सीबीडी घेत नव्हते. त्यामुळे दोष गांजाचाच आहे असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु झोपेसाठी इतर उपाय असताना मी माझ्या वडिलांना हा धोका पत्करू दिला नसता.

सीबीडीने नशा होत नाही हे बरोबर आहे. ते निरुपद्रवी आहे हे त्यावरून ठरत नाही. पुष्कळ औषधे यकृतातील ज्या एन्झाइमांकडून मोडली जातात, त्यांना सीबीडी अडवते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम त्यामुळे वाढल्याच्या नोंदी आहेत. सिस्प्लाटिनचा निचरा मुख्यतः मूत्रपिंडांतून होतो, म्हणून मला वाटले होते की आत्याला या बाबतीत धोका नाही. मग लक्षात आले की तिच्या उलट्यांसाठी दिलेली ॲप्रेपिटंट आणि डेक्सामेथासोन ही दोन्ही औषधे त्याच यकृताच्या वाटेने जातात. ॲस्कोच्या सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक सीबीडी चाचणीबाहेर घेऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे, कारण उपयोग दिसला नाही आणि यकृताचे अहवाल बिघडले. ऑस्ट्रेलियातच उपशामक उपचार घेणाऱ्या १४४ कर्करुग्णांवर सीबीडी तेलाची चाचणी झाली होती. एकूण त्रासात नकली तेलाच्या तुलनेत काहीही अधिक फरक पडला नाही.

आणि लेबल? अमेरिकेत २०१७ मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली. लेबलवर लिहिलेल्या प्रमाणाशी जुळणारी उत्पादने जेमतेम ३१ टक्के निघाली आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. 'नशा होत नाही' हे आश्वासन रेणूबद्दल खरे असले तरी बाटलीबद्दल खरे असेलच असे नाही.

पाणवठा:

शेजाऱ्यांकडे चौकशी केली. केमो चालू होती, हे मला ठाऊक नव्हते. मी माझा दावा मागे घेतो. तरीही एक विचारतो. ज्यांच्यावरचे उपचार संपले आहेत त्यांनी तेल घेतले, तर त्यांना कशाला अडवावे? भूक तरी लागेल.

रातपाळी:

त्यांना आम्ही अडवत नाही, पाणवठा. लपवू नका, एवढेच सांगतो. भुकेबाबत मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. २००२ च्या एका मोठ्या तुलनेत मेजेस्ट्रॉल हे भूक वाढवणारे औषध घेणाऱ्यांपैकी ७५ टक्क्यांची भूक सुधारली आणि ड्रोनाबिनॉल घेणाऱ्यांपैकी ४९ टक्क्यांची. २००६ च्या युरोपीय चाचणीत तर गांजाचा अर्क आणि नकली औषध यांत फरकच दिसला नाही. घ्यायचेच असेल तर ओढून घेऊ नये. पांढऱ्या पेशी कमी असताना वाळलेल्या पानाफुलांवरची बुरशी फुफ्फुसात जाणे जिवावर बेतू शकते. पोटात घेतल्यास परिणाम जाणवायला तास-दोन तास लागतात. "काहीच होत नाही" म्हणून दुसरी मात्रा घेतात आणि मग दोन्ही एकदम चढतात. म्हाताऱ्या माणसाला भास होऊ लागले की घरच्यांना वाटते आजार मेंदूत गेला.

माजघर:

दुसरे सलाइन झाले, म्हणून लिहिते. रातपाळी यांचा अंदाज बरोबर होता. पहिल्या खेपेच्या तिसऱ्या व चौथ्या दिवसाच्या गोळ्या पाकिटात तशाच सापडल्या. आत्या म्हणाली, "उलटी नव्हती तेव्हा कशाला घेऊ, आणि उलटी सुरू झाल्यावर गिळू कशी?" तिच्या म्हणण्यात चूक काढता येईना.

बाटली मी डॉक्टरांपुढे ठेवली. मावसभावालाही बरोबर नेले होते. त्यांनी रागावण्याऐवजी चष्मा काढून लेबल दोनदा वाचले. परवान्याचा क्रमांक होता, 'विजया पत्र अर्क' असे होते, परंतु एका थेंबात टीएचसी किती आणि सीबीडी किती, हे कोठेही लिहिलेले नव्हते. "मात्रा ठाऊक नसलेले औषध मी कसे सांगू," एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी रात्रीसाठी अडीच मिलिग्रॅम ओलान्झापिन लिहून दिले. त्यातूनही जमले नाही तर पुन्हा बोलू, या अर्काचे नाव काढायला संकोच करू नका, असेही त्यांनी सांगितले. मावसभाऊ परतताना गप्प होता. मग म्हणाला की त्याने बाटलीचे साडेचार हजार रुपये दिले होते.

या खेपेस तिसऱ्या दिवशी दोन उलट्या झाल्या, चौथ्या दिवशी एकही नाही. मळमळ आहे. तोंडात रेडिएशनचे फोड आले आहेत, ते वेगळे दुखणे. आत्याने आता गोळ्यांच्या पाकिटांवर स्वतःच्या हाताने २, ३, ४ असे आकडे घातले आहेत, आणि पुढचे सलाइन येत्या मंगळवारी आहे.